एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत

दिपे, सात किलो दोनशे. माझी बॅग. हसू नकोस. वरचे दोनशे ग्रॅम कुठून आले ते मला माहितेय, सांगते, पण क्रमाने सांगू दे. तू नेहमी मधेच "मग शेवटी काय झालं ते सांग ना" करतेस, ते आज चालणार नाही.

मुंबई एअरपोर्टवर बसलेय. गेट समोर आहे, बोर्डिंगला अजून दीड तास आहे, काचेबाहेर दुपारचं ऊन नुसतं भाजतंय आणि माझ्या अंगात लोकरीचा स्वेटर आहे. ऑक्टोबरमध्ये. पायात सेफ्टी शूज. शेजारी बसलेल्या बाईंनी माझा घाम बघितला, थोडा विचार केला आणि पर्स उचलून तीन खुर्च्या लांब जाऊन बसल्या. त्यांना वाटलं असणार हिला ताप आहे.

ताप. हा शब्द आज लिहायचाच नव्हता मला.

"साधा ताप आहे, शुक्रवारपर्यंत येते, माझ्या लाइनला कुणाला हात लावू देऊ नकोस." हा तुझा मेसेज. त्याला मी अंगठा टाकला. नुसता अंगठा. नंतर एक अस्वलाचं स्टिकर, हातात फुगा घेतलेलं. सहा दिवस तू हॉस्पिटलमध्ये होतीस आणि मी तुला एक अंगठा आणि एक अस्वल पाठवलं. आपल्यात अस्वलं कधी होती गं? आपल्यात तर सकाळी बसमध्ये बसल्यापासून संध्याकाळी स्पाइन रोडला उतरेपर्यंत तोंड बंद नसायचं. पण मी रुसले होते ना. तुला माहीत होतं मी रुसलेय. मला माहीत होतं की तुला माहितेय. आणि मला वाटलं, बरी होऊन आली की बघू.

रुसण्याचं कारण एवढंसं. म्हणजे तेव्हा ते खूप मोठं होतं. कंपनीच्या पोलंडच्या प्लांटला तीन महिने, नवीन प्रॉडक्शन लाइन तिथे आधी उभी राहणार, ती शिकून यायची आणि मग चाकणला तशीच उभी करायची. जागा एक, नावं दोन. सरांनी आपल्याला दोघींना केबिनमध्ये बसवून तुझं नाव सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ऋतुजा, तुझाही व्हिसा काढून ठेवू, बॅकअप म्हणून. मी पण मोठ्या मनाने मान हलवली. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, तोंड पाड हवं तर, माझ्यासमोर नाटक नको. मी म्हटलं, मी कशाला तोंड पाडू, मी तर स्पेअर मोटर आहे, कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा मला.

तेव्हापासून तू मला स्पेअर म्हणायला लागलीस. मी हसायचे. दर वेळी थोडं लागायचं, पण हसायचे.

आणि मग तुझं ते पॅकिंगचं वेड सुरू झालं. तीन महिने, कडाक्याची थंडी, आणि ही बाई म्हणते एकच बॅग नेणार, सात किलोची, विमानात वर ठेवायची ती. मी घरी सांगितलं तर माझे पप्पा जेवताना थांबले. "तीन महिनं आन् येक पिशवी? आमी काय पोरगी वनवासाला धाडतोय व्हय?" म्हणाले. आमच्या मोशीच्या घरात दोन दिवसांच्या लग्नाला जायचं तरी गाडीची डिकी बंद होत नाही. आईने लगेच स्वतःच्याच मनाने तुझ्यासाठी भाजणी, गोधडी, स्टीलचा डबा, अशी यादी काढली. तू ती यादी वाचलीस आणि म्हणालीस, काकूंना सांग, मी पोलंडला चाललेय, बाळंतपणाला नाही.

मला खरं कारण नंतर कळलं. एकदा बस कुरुळीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये पाऊण तास उभी होती तेव्हा तू सांगितलंस. लातूरहून आल्यावर तुम्ही भोसरीत राहिलात, मग लांडेवाडीत, मग कुठे कुठे, आणि दर अकरा महिन्यांनी खोली बदलायची वेळ आली की बाबांच्या टेंपोत सगळा पसारा भरायचा आणि तू मागे उभी राहून पत्र्याची पेटी धरायची. शाळेतल्या मुली रस्त्याने जाताना बघायच्या. तू म्हणालीस, "तेव्हाच ठरवलं होतं ऋते, मी कुठंतरी जाईन ना, तेव्हा एका हाताने उचलता येईल एवढंच नेईन. दुसरा हात मोकळा." मी त्यावर काहीतरी जोक मारला. काय मारला आठवत नाही. तुझा तो मोकळा हात आठवतो, तू तो दाखवला होतास, बसच्या खिडकीशी, उघडा.

मग तुझा नियम आला. एक अंगावर, एक दोरीवर, एक बॅगेत. पँट असो, टीशर्ट असो, थर्मल असो, तीनच्या वर चौथा नाही. आपल्याकडे स्क्रूचे दोन बिन ठेवतात, एक संपत आला की दुसरा येतो, तसंच हे, तू मला पांढऱ्या बोर्डवर काढून दाखवलंस. दिवाळी तिकडेच येणार म्हणून एक कुर्ता फक्त नियमाबाहेर, तो पिस्ता रंगाचा, घरच्यांशी व्हिडिओ कॉल करायला. आणि सगळ्यात जड वस्तू बॅगेत घालायची नाही, अंगावर घालायची, कारण अंगावरचं कुणी वजन करत नाही. म्हणून सेफ्टी शूज पायात. तिकडे बायकांच्या मापाचे मिळतील की नाही माहीत नाही, इथे तरी कुठे मिळतात, स्टोअरवाला आपल्याला सहा नंबरचे पुरुषांचे देतो आणि म्हणतो, मॅडम दोन मोजे घाला.

त्या ट्रायल रनचं काय करू मी. मशीनची ट्रायल घेतात तशी कपड्यांची ट्रायल. आठवडाभर तू तीनच कपडे आलटून पालटून घातलेस, रोज संध्याकाळी धुतलेस, आणि मला पण करायला लावलंस. का, तर स्पेअर पण चेक करून ठेवावा लागतो. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये शॉपवरच्या शिंदे मामांनी माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली आणि हळूच विचारलं, पोरी, घरी सगळं ठीक आहे ना? त्यांना वाटलं मोशीच्या शेतकऱ्यांच्या पोरीला दिवस वाईट आलेत. तू पाणी पिता पिता ठसका लागेपर्यंत हसलीस.

हेच ते शिंदे मामा, स्टूलवाले. हे मला लिहायचंच आहे, कारण पुढे लागणार आहे. आपण फाइव्ह एस केलं होतं शॉपवर, ती जपानी पद्धतीची आवराआवर. जी वस्तू इथे लागते की नाही याची खात्री नाही, तिला लाल टॅग लावायचा. वस्तू, कारण, मालक, निर्णय असे चार रकाने. तू मामांच्या मोडक्या स्टूलला टॅग लावलास आणि दुसऱ्या दिवशी स्टूल गायब. मामांनी ते कंप्रेसरच्या मागे लपवलं होतं. "वीस वर्षं बसतोय त्याच्यावर, भंगारात घालताय व्हय मॅडम," म्हणाले, डोळ्यात पाणी. तू खाली बसलीस त्यांच्यासमोर, फरशीवर, आणि म्हणालीस, "मामा, लाल टॅग म्हणजे भंगार नाही. लाल टॅग म्हणजे अजून ठरलं नाही. ठरवू आपण दोघं." आणि ठरवलंत. एक पाय वेल्ड करून घेतला. ते स्टूल अजून आहे. परवा मी मुद्दाम त्याच्यावर बसून आले.

घरी पण तू तेच केलंस. कंपनीतले लाल टॅग नेऊन कपाटातल्या कपड्यांना लावलेस. मला फोटो पाठवलास, अख्खं कपाट लाल, जशी काही देवीची ओटी भरलीये. आणि पुठ्ठ्याचा तो शॅडो बोर्ड. आपल्या भिंतीवर पान्यांचे आकार रंगवलेले असतात ना, पाना जागेवर नसला की लांबून कळतं, तसं तू खोक्याचा पुठ्ठा बॅगेच्या तळाच्या मापात कापून त्याच्यावर मार्करने प्रत्येक कपड्याची जागा आखलीस. इथे पँट, इथे टीशर्ट, इथे चार्जर. मी म्हटलं तुला डॉक्टरची गरज आहे. हे म्हटलं होतं मी. आता वाचवत नाही.

मग तो मंगळवार. बसमधून उतरताना तू विचारलंस, शनिवारी येतेस का फायनल पॅकिंगला. माझा दिवस खराब गेला होता, सरांनी मीटिंगमध्ये तीन वेळा "दीपाली पोलंडहून आल्यावर" म्हटलं होतं. आणि मी म्हटलं, "तुला एवढं जड होत असेल तर नको जाऊस. स्पेअर तयारच आहे."

तू माझ्याकडे बघितलंस. चिडली नाहीस. म्हणालीस, "तेवढ्यासाठी तर तुझी ट्रायल घेतली." आणि रस्ता ओलांडून गेलीस. तुला तेव्हाच कणकण होती की नव्हती, मला माहीत नाही. मी तो प्रसंग इतक्या वेळा बघितलाय की आता त्यात तू मला मधूनच खोकताना पण दिसतेस, आणि तू खोकली नव्हतीस, मला पक्कं आठवतंय.

तू कायमची गेलीस, त्यानंतर तीन आठवड्यांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी एक खुर्ची. हळू आवाजात म्हणाले, व्हिसा आहे तुझा, तिकीट बदलता येईल, नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. मी नाही म्हणाले नाही, दिपे. एक मिनिट पण घेतलं नाही. हो म्हणाले आणि वॉशरूममध्ये जाऊन हात धूत बसले. ते सगळ्यांना सांगता आलं, आईला, पप्पांना, शिंदे मामांना. एका माणसाला नाही. तुझ्या आईला.

दर रविवारी जायचे मी चिखलीला, तुमच्या घरी. काकू चहा करायच्या, ज्या पोरांना त्या डबे देतात त्यांच्या गप्पा व्हायच्या, कुठल्या पोराने डब्याचे पैसे न देता रूम सोडली, कुणाला पोळी कडक लागते. मी दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं आणि दर वेळी कप विसळून परत यायचे. तिकीट आलं, नाही सांगितलं. हॉटेलचं बुकिंग आलं, नाही सांगितलं. मग गुरुवारी काकूंचाच फोन. "लेकरा, शनिवारी येतीस का? तिचं कपाट आवरायचंय. मला हात लावू वाटंना." रविवारी माझं विमान होतं. मी म्हटलं येते.

शनिवार. फायनल पॅकिंगचा वार, बघ.

गल्लीत शिरले आणि समोरून एक मुलगी दुधाची पिशवी घेऊन येत होती, तुझा पिस्ता कुर्ता घालून. तोच. गळ्याशी ती बारीक पायपिंग. मी रस्त्यात उभीच राहिले, मागून ॲक्टिव्हावाला ओरडला तेव्हा बाजूला झाले. मला वाटलं माझं डोकं फिरलं.

वर गेले तर काकूंनी तुझी बॅग कॉटवर काढून ठेवली होती. उघडली. रिकामी, दिपे. तळाला नुसता तुझा पुठ्ठा. पँटची जागा, टीशर्टची जागा, कुर्त्याची जागा, सगळं मार्करने आखलेलं आणि वर काही नाही. काकू म्हणाल्या, तेरवीला चांगले कपडे द्यायचे असतात, फाटके देऊन कसं चालंल, आणि बॅगेतले सगळे नवे-कोरे, घडीचे, ते दिले शेजारच्या पोरीला, तिला पण कंपनीत जावं लागतं. "आणि तिच्या जिवाचे होते ते ठेवलेत बघ मी," म्हणाल्या आणि कपाट उघडलं.

लाल टॅगवाले. सगळेच्या सगळे. तुझा तो विटलेला, आपल्या ताथवड्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा टीशर्ट, काखेत उसवलेला. गुडघे निघालेली ट्रॅक पँट. तो हिरवा टॉप, ज्याला तू पावभाजीचा शहीद म्हणायचीस. एक एक घडी करून, मधे कडुलिंबाची पानं घालून, टॅग वरच्या बाजूला दिसतील असे लावून ठेवलेले. काकू म्हणाल्या, "लाल चिठ्ठ्या लावल्यात तिनं, म्हणजे हेच न्यायचे असतील ना. इंग्लिश हाय, मला वाचता येत न्हाई, पर लाल हाय म्हणजे मोलाचं."

तू असतीस तर काय केलं असतंस? मी विचारतेय, खरंच. मला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं आणि मी वाकून कपाटाच्या खालच्या कप्प्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. तुझ्या आईने तुझं रिजेक्शन जपून ठेवलं होतं आणि तुझं सगळं पोलंड गल्लीत दूध आणायला गेलं होतं. मी काय सांगायचं त्यांना?

टॅगचं काही बोलले नाही. पण मग वाटलं, एक लपवायचं तर दुसरं तरी नको. कपाटात डोकं असतानाच बोलले, कारण तोंडाकडे बघून झालं नसतं.

"काकू, मी उद्या पोलंडला चाललेय."

मागे कॉट करकरली, काकू बसल्या. मग, "कंपनीकडून?"

"हो."

"तिच्या जागेवर?"

"हो."

काकू उठल्या आणि ओट्याशी गेल्या. संध्याकाळच्या डब्यांची कणीक तिंबून ठेवलेली होती. त्यांनी पोळ्या लाटायला घेतल्या. एक, दोन, तीन. मी कॉटवर तुझ्या रिकाम्या बॅगेशेजारी बसले. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दुरुस्त करत होतं, तो मधे मधे वाजायचा. पाचव्या का सहाव्या पोळीला काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, सांगायला इतके दिवस लागले का गं तुला. मी म्हटलं भीती वाटली. कशाची? तुमची. मी काय करणार होते, म्हणाल्या, तिकीट फाडणार होते का.

मग लाटणं थांबलं.

"फाडलंच असतं. पहिल्या आठवड्यात आली असतीस तर फाडलं असतं मी."

मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. कसं सांगू तुला. पाच आठवडे सगळे माझ्याशी मऊ मऊ बोलत होते, तिची इच्छा तू पूर्ण करतेस वगैरे, आणि त्याने माझा जीव गुदमरायचा, कारण मला आतून माहीत होतं की मला ती जागा हवी होती, आधीपासून, आणि त्या मंगळवारी मी तुला ते बोलून पण दाखवलं होतं. ते मी काकूंना सांगितलं. सगळं. स्पेअर, सरांची केबिन, बसमधून उतरताना काय म्हणाले. रडत, तुटक, कसंही.

त्यांनी शेवटची पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला, हात पुसले. म्हणाल्या, तिला कळत होतं सगळं, ऋतू तोंड पाडून बसलीये पण येईल, असं म्हणायची. बस एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत, आणि मी पण मागितलं नाही. मग कपाटाशी आल्या, वरच्या कप्प्यातून ती जांभळी वळकटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

तुझा सोफा.

तूच म्हणायचीस ना, आईने स्वेटर विणायला घेतला आणि सोफा झाला. बारावीला असताना विणलेला, वाढत्या अंगाचा म्हणून दोन मापं मोठा, बाह्यांवर पांढऱ्या पट्ट्या. एकदा फक्त तू तो आपल्या कॉलेजला घालून आलीस आणि दिवसभर मांडीवर घेऊन बसलीस. त्याला पण लाल टॅग होता, दोऱ्याने बांधलेला.

"हा तर न्यायचाच होता तिला," काकू म्हणाल्या. "तिकडं लय थंडी असती म्हणायची. ह्या चिठ्ठीवर काय लिवलंय, वाच की."

मी टॅग हातात घेतला. तुझं ते तिरकं अक्षर, मराठीच, पण इंग्लिश अक्षरांत लिहिलेलं. पहिला रकाना, वस्तू: आईचा स्वेटर. दुसरा रकाना, कारण: ९८० ग्रॅम, नेता येत नाही, आईला कसं सांगू. मालक: दीपाली. चौथा रकाना, निर्णय. तो कोरा.

बाकी सगळ्या टॅगवर तू निर्णय लिहिला होतास, दिपे. मी आधीच बघितलं होतं. टीशर्ट: फडकं. ट्रॅक पँट: घरी. हिरवा टॉप: शहीद, निरोप द्यावा. फक्त ह्याचाच कोरा होता. तू ठरवलं नव्हतंस.

काकू वाट बघत होत्या. मी वाचलं, "आईचा स्वेटर. नऊशे ऐंशी ग्रॅम. मालक, दीपाली." आणि थांबले.

"आणि खाली?"

"खाली कोरं आहे, काकू. लाल टॅग म्हणजे अजून ठरलेलं नसतं. ठरवायचं राहिलं तिचं."

हे खोटं नाही ना? तुझंच वाक्य आहे. कारणाचा रकाना मी वाचला नाही, तेवढं मात्र केलं. त्याबद्दल तुला माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, मी थांबते.

काकूंनी स्वेटर उलगडला, झटकला, माझ्या खांद्यांना लावून बघितला. तुझ्या अंगावर तंबू व्हायचा तो मला बरोब्बर बसतो, म्हणजे सात वर्षांपूर्वी काकूंनी बहुतेक माझंच माप घेतलं होतं. "तू ठरव मग," म्हणाल्या. आणि मग माझ्या दंडाला धरून, चांगलं घट्ट, दुखेल एवढं, "तिथं गेल्यावर सांग त्यांना. दीपालीच्या जागी आले म्हणून सांग. तिचं नाव घे. नुसती जाऊन बसू नकोस तिच्या जागेवर."

मी हो म्हटलं. निघताना कागदात बांधून शेंगदाण्याची चटणी दिली, नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. तेच ते दोनशे ग्रॅम.

तुझा पुठ्ठा आणलाय मी. बॅग तुझी नाही आणली, ती काकूंकडेच राहू दे. घरी आल्यावर माझे कपडे तुझ्या रेषांवर ठेवून बघितले. माझी पँट तुझ्या पँटच्या रेषेबाहेर चार बोटं जाते, टीशर्ट पण सांडतात. पुसून नव्याने आखावं असं वाटलं आणि मार्कर हातात घेऊन परत ठेवला. सांडू देत. बाकी नियमाप्रमाणे. तीनच्या वर चौथा नाही. आईने भाजणी आणली, मी काट्याला बॅग लावून दाखवली, तिने निमूट परत नेली. पप्पा म्हणाले, "ती पोरगी पक्की व्हती," आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

तर सकाळी स्वेटर अंगात घालून निघाले. एसी टॅक्सीत पण खंडाळ्यापर्यंत भिजले. आणि तुझ्या नियमात एक मोठा घोटाळा आहे ते आज कळलं, कळवते. सेफ्टी शूजच्या पुढे लोखंडी वाटी असते, दिपे. मी सिक्युरिटीच्या चौकटीत पाय ठेवला आणि ती अशी कोकलली की मागची लाइन थांबली. आपण दोघी इंजिनिअर. वजनाचा विचार केला, मोज्यांचा केला, ह्याचा नाही केला. शूज काढा, ट्रेमध्ये ठेवा, स्वेटर पण काढा. मी दोन मोज्यांवर उभी. त्या खाकीतल्या मॅडमनी स्वेटर उलटा-पालटा केला, टॅग धरून बघितला आणि म्हणाल्या, "नया है? टैग तो निकाल लेतीं."

मी म्हटलं, नहीं मॅडम, पुराना है.

"इतनी गर्मी में पहनोगी?"

हां.

त्यांनी स्वेटर घडी करून दिला. घडी करून. बाकीच्यांना ट्रे नुसता ढकलत होत्या.

आता इथे बसलेय. शूज परत घातलेत, स्वेटर परत घातलाय. त्या लांब गेलेल्या बाई अजून बघतायत. पोलंडला उतरल्यावर आधी काय बोलायचं ते मी टॅक्सीत पाठ करत आले, इंग्लिशमध्ये, माझं नाव, मग तुझं. तुझं आधी घ्यावं की काय तेच ठरत नव्हतं. आता ठरलं. तुझं आधी.

बॅगेच्या खिशातलं पेन काढलं. टॅग मांडीवर सपाट केला. निर्णय: अंगावर. खाली सहीला जागा नव्हती, बाजूला उभं लिहिलं. ऋतुजा, दीपालीच्या जागी.

लाइन लागलीये गेटवर. बॅग एका हातात आहे.

फार उकडतंय, दिपे.